वहिनीचं पूर्ण मिनिट

माझ्या वहिनीशी भांडायचं असेल तर तिच्या हातात कुणाचं मनगट नसताना भांडावं. मनगट हातात असलं की ती ठार बहिरी होते. तुम्ही कंठशोष करा, घराला आग लागली म्हणून सांगा, ती आपली छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ बघत राहणार. मिनिट संपलं की मग मान वर करून विचारणार, "हं, काय म्हणत होतीस?" अशा बाईबरोबर वीस वर्षं नणंद म्हणून काढलीत मी. मला कुणी बक्षीस दिलेलं नाही.

ती हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात इन्चार्ज सिस्टर आहे. दारातून कुणीही आत आलं, चालत येवो की स्ट्रेचरवरून, आधी त्याची नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन आणि श्वास बघायचा. बाकी सगळं यंत्रं बघतात. श्वास मात्र माणसानं डोळ्यांनी मोजायचा, तोही पूर्ण मिनिटभर, आणि तिथेच सगळे टंगळमंगळ करतात. छाती दोनदा वरखाली झालेली बघितली की 'अठरा' लिहून मोकळे. नवीन पोरी कामाला लागल्या की वहिनी पहिल्याच दिवशी त्यांचे कागद हातात घेते आणि साऱ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "याचे अठरा, तिचे अठरा, त्या आजींचेही अठरा? काय गं, घाऊक भावात आणलेत का?" तिथे तिला पाठीमागे 'मिनिटबाई' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंसुद्धा.

श्वास मोजण्याची तिची एक युक्ती आहे. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय, आणि आपले डोळे त्याच्या छातीवर. कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस सरळ श्वास घेतच नाही. कुणी उगाच मोठे घेतो, कुणी दाबून धरतो. ही युक्ती तिनं घरात आम्हा सगळ्यांवर करून झालीय. आमच्या बाबांवर तर दर रविवारी, चहा झाल्यावर.

आणि बाबा म्हणजे बिलंदर. जन्मभर नळ-पाइपांची कामं केलेला माणूस, शहरातल्या निम्म्या इमारतींच्या टाक्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. वहिनीनं मनगट धरलं की ते डोळे मिटून एखाद्या साधूसारखे संथ श्वास घेत बसायचे. ती म्हणायची, "बाबा, मुद्दाम करताय." ते म्हणायचे, "मी कुठे काय केलं? माझा पंपच चांगला आहे." मग दादा हसायचा, मी हसायचे. दादा बोटीवर नोकरीला असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळे घरात मुख्यतः ही दोघंच, सून आणि सासरे, एकमेकांवर कुरघोडी करत.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला म्हणून गेले होते. मी ड्रायव्हिंग शिकवते, दुपारी दोन तास मला मोकळे असतात. दार उघडून आत जाते तो बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर चढून वरच्या पाइपची चावी फिरवतायत. शहात्तर वर्षांचे! मी म्हटलं, "बाबा, उतरा आधी खाली." "तू गप गं" म्हणायला ते वळले आणि स्टूल सरकलं. डाव्या कुशीवर ओट्याची कड लागली आणि ते खाली बसकण मारून बसले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण ते उठले, स्टुलाला दोन शिव्या दिल्या, पाणी प्यायले. बरगडीवर लाल वळ होता, बस. "काही झालेलं नाही, जेव तू," म्हणाले. मी जेवले. ते मात्र पानावर बसलेच नाहीत, आडवे झाले. तासाभरानं म्हणाले, डावा खांदा दुखतोय, आखडलाय बहुतेक. मी वहिनीला फोन लावला. तिला वाटलं मी नेहमीसारखी कसली तरी तक्रार करणार, म्हणून आधी "पटकन बोल" म्हणाली. मी सगळं सांगितलं. खांद्याचं सांगितल्याबरोबर तिचा आवाज बदलला.

"मार बरगडीला लागलाय ना? मग खांदा कशाला दुखेल? घेऊन ये त्यांना. आत्ता."

मी बाबांना गाडीत घातलं आणि निघाले. हॉस्पिटल लांब नाही, पण दुपारची गर्दी. मी दोन सिग्नल जरा रेटूनच काढले. बाबा खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, चला, जरा डोळा लागलाय, पडू दे.

तातडीच्या विभागात गेल्या गेल्या आमचं असं स्वागत झालं की विचारू नका. "मिनिटबाईंचे सासरे!" एकानं खुर्ची आणली, दुसऱ्यानं पंखा त्यांच्याकडे वळवला. खिडकीजवळचा शांत कोपरा दिला, पडदा ओढला, जाड उशी आणली. तिथला नियम असा आहे की आपल्या घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही. नियम वहिनीनंच लावलेला. घरच्या माणसाचा आकडा आपण वाचत नाही, आपल्याला हवा तो वाचतो, असं ती म्हणते. म्हणून तिनं बाबांना आपल्या हाताखालच्या धाकट्या सिस्टरच्या स्वाधीन केलं आणि स्वतः पडद्याबाहेर हात बांधून उभी राहिली. तिला असं रिकामं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

धाकटी सिस्टर गुणाची पोर. तिनं सगळं रीतसर केलं. मनगट धरलं, पूर्ण मिनिट धरलं, मी बघत होते ना. मग बाहेर येऊन वहिनीला म्हणाली, "सगळं मस्त आहे, सिस्टर. नाडी चौऱ्याहत्तर, दाब एकशे अठरा, ऑक्सिजन उत्तम, श्वास सोळा. तरुण माणसाला लाजवतील आजोबा."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. मी म्हटलं, "बघ! उगाच घाबरवलंस मला."

डॉक्टरीणबाईही येऊन बघून गेल्या. तरुण आहेत, पण कामाला पक्क्या. पोट दाबून बघितलं. बाबा "काही दुखत नाही" म्हणाले, दात आवळून म्हणाले असणार, पण म्हणाले. त्यांनी बरगड्यांचा एक्स-रे सांगितला, पोटाची सोनोग्राफीही करून घेऊ म्हणाल्या. पण तेवढ्यात रस्त्यावरच्या अपघातातले चौघं एकदम आले आणि मशीन तिकडे गेलं. "आजोबांचं सगळं स्थिर आहे, त्यांना जरा पडू द्या, यांचं झालं की लगेच," असं सांगून त्या धावल्या. यात त्यांचं काय चुकलं? आकडे बघून कुणीही तेच केलं असतं.

बाबांनी डोळे मिटले. धाकटी सिस्टर मायेनं म्हणाली, "झोप लागलीय, आता उगाच दाबाचा पट्टा गुंडाळून उठवत नाही."

वहिनी काही हलेना. खालचा ओठ दातात धरून उभी.

मला राग आला. "अगं, सोळा म्हणाली ना ती! आता काय पंचांग काढायचंय? तूच शिकवलंयस तिला."

"एकशे अठरा," वहिनी पुटपुटली.

"मग? चांगला नाही का?"

"तुझा असता तर चांगला. बाबांचा गोळ्या घेऊनही दीडशेच्या खाली कधी मी बघितला नाही. आज पडलेत, दुखतंय, घाबरलेत, आणि दाब एकशे अठरा? आणि नाडीचं काय घेऊन बसलीस. त्यांना ती हृदयाची गोळी आहे, नाडी हळू ठेवणारी. अंगातलं रक्त गेलं तरी ती नाडी धावायची नाही, गोळीनं बांधून ठेवलीय तिला."

"रक्त? कुठलं रक्त? कुठे आलंय रक्त?"

"बाहेरच यायला हवं असं कुठे आहे?"

पण मीही हटून बसले. "मग श्वास? तो तर सोळा आहे. तूच म्हणतेस ना, बाकी सगळं खोटं बोलेल, श्वास नाही?"

तिचीच गोष्ट तिच्या गळ्यात. नाडीला गोळीचा लगाम, दाबाचं काय तर म्हातारपण, पण सोळा श्वास घेणाऱ्या माणसासाठी चार जखमींपुढून मशीन ओढून आणायचं ते कुठल्या तोंडानं? तेही स्वतःच्या सासऱ्यासाठी? उद्या सगळे म्हणाले असते, बघा, आपला तो बाब्या. ती दोनदा डॉक्टरीणबाईंच्या दिशेनं निघाली आणि दोनदा परत आली.

मग एकदम मला म्हणाली, "रस्त्यात काय बोलले?"

"कोण?"

"बाबा गं! गाडीत. काय काय बोलले?"

मी आठवून बघितलं. "काही नाही. गप्प होते."

"गाडी तू चालवत होतीस?"

"मग काय भूत चालवत होतं?"

"तू गाडी चालवलीस, भर गर्दीत, आणि ते काहीच बोलले नाहीत?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शेकडो माणसांना गाडी शिकवलीय, पण बाबा माझ्या शेजारी बसले की पहिल्या वळणापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. गिअर बघ, आरसा बघ, त्या सायकलवाल्याला मारतेस का, लायसन कुणी दिलं तुला! त्यांना गप्प बसवणं देवाच्या बापालाही जमलेलं नाही. आणि आज दोन सिग्नल मी रेटून काढले तरी चकार शब्द नाही.

वहिनीनं माझा दंड धरला. "ऐक. त्यांना माझी युक्ती माहितीय. मनगट धरलं की श्वास मोजतात हे या विभागात येणाऱ्या एकाही पेशंटला ठाऊक नसतं, त्यांना ठाऊक आहे. त्या पोरीनं धरलं आणि त्यांनी मिनिटभर संथ श्वास रेटून नेला. दर रविवारचा सराव आहे. तू आत जा आणि भांड त्यांच्याशी."

"काय?"

"भांड म्हटलं ना, वन्सं!" चिडली की ती मला वन्सं म्हणते, एरवी अगंतुगं. "त्यांना बोलायला लाव. बोलताना माणसाला श्वास लपवता येत नाही."

मी पडदा सारून आत गेले. बाबा झोपलेले नव्हतेच. डोळे किलकिले करून बघत होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. वहिनी पडद्याच्या फटीशी उभी राहिली, त्यांच्या डोक्याच्या बाजूला, म्हणजे तिला त्यांचं पोट दिसेल आणि ती त्यांना दिसणार नाही.

बापाशी भांडायला मला कधी निमित्त लागलेलं नाही, पण त्या क्षणी एक शब्द सुचेना. शेवटी म्हटलं, "बाबा, गाडी मी दारातच आडवी लावलीय. तिसऱ्या गिअरमध्येच बंद पडली, तशीच सोडून आले."

साफ खोटं. पण मासा गळाला लागला.

"तिसऱ्या..." बाबा म्हणाले, आणि थांबले. "तिसऱ्यात... कशी... बंद पडेल..." परत थांबले. "तुला... किती वेळा... सांगितलं..."

"काय सांगितलं? पूर्ण बोला ना!"

"क्लच..." ते म्हणाले. एकेका शब्दाला त्यांचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. मला क्लचबद्दलची ती ओळ तोंडपाठ आहे, लहानपणापासून ऐकतेय, एका दमात म्हणायचे ते. आता त्यांना ती म्हणता येत नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले. माझा बाप माझ्यासमोर मरत होता, आणि शहाण्यासारखा पडून होता, कुणाला कळू नये म्हणून.

वहिनीनं पूर्ण मिनिट घेतलं. खरं सांगते, त्या मिनिटात मला तिचा गळा दाबावासा वाटला. धाव ना गं, कशाला मोजत बसलीस! पण ती मोजत राहिली. अर्धवट आकडा घेऊन ती कुणापुढे उभी राहत नाही. मग पडदा असा ओढला की दोन कड्या तुटून पडल्या.

"बत्तीस," ती म्हणाली. बाबांच्या पायाला हात लावला. "आणि पाय गार. बाबा, चोर आहात तुम्ही."

बाबा हसायचा प्रयत्न करत होते.

मग तिनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली. नियम, घरचं, परकं, सगळं गेलं उडत. "बत्तीस श्वास, वाक्य पूर्ण होत नाही, पाय गार, नाडी गोळीवर आहे, नेहमीचा दाब दीडशे, डावा खांदा दुखतोय." बस, एवढंच बोलली. डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला नाही. स्वतःच मशीन ढकलत आणलं. धाकट्या सिस्टरनं पट्टा गुंडाळला, दाब नव्वद. बाबांच्या पोटावर मशीनचा दांडा फिरला आणि डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पोटात रक्त आहे. डाव्या बरगडीखालची प्लीहा फाटलीय, म्हणून तो खांदा. ऑपरेशनला कळवा, रक्त मागवा."

पुढचं सगळं धावपळीत झालं. दोन्ही हातांत सुया, पिशव्या, कोणीतरी माझ्याकडून सही घेतली. धाकटी सिस्टर रडवेली होऊन सारखी म्हणत होती, "मी पूर्ण मिनिट मोजले होते, सिस्टर, खरंच." वहिनी म्हणाली, "माहितीय. तुझ्या जागी मी असते तरी सोळाच आले असते. चल, पिशवी वर धर."

लिफ्टमध्ये आम्ही पाचजण आणि बाबांचं स्ट्रेचर. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. छोट्या यंत्राचा पडदा वहिनीच्या बाजूला होता. बाबांनी डोळे उघडून तिला विचारलं, "किती?"

"छान आहे दाब," वहिनी म्हणाली. "रक्त चढतंय ना, छान आहे आता."

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. वहिनी छान म्हणतेय म्हणजे छानच असणार. बाबांनी डोळे मिटून घेतले. लिफ्ट थांबली, दार उघडलं, ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी तोंडाला येईल ते बोलत होते. स्टुलाला, ओट्याला, समुद्रात बसलेल्या दादाला, सगळ्यांना शिव्या. मी म्हटलं, "अगं, दाब छान होता ना? मग वाचतील ना?" तिनं नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, काही कळलं नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या बाकावर मला समजलं.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. प्लीहा काढून टाकली, रक्त थांबलं, माणूस आहे, एवढं सांगितलं. "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." म्हणाले. वहिनी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दोन दिवसांनी बाबांच्या घशातली नळी काढली. आवाज घोगरा, पण आवाज आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? स्टूल कुठल्या दुकानातून आणलं होतं ते विचारलं. मी हसले, रडले, दोन्ही केलं.

वहिनी ड्यूटी संपवून आली ती सरळ त्यांच्या पलंगाशी उभी राहिली. नमस्कार नाही, बरं वाटतंय का नाही. "का केलंत असं?" म्हणाली. "त्या पोरीला फसवलंत, मला फसवलंत. घरी जायची एवढी घाई होती? मेला असतात, बाबा!"

बाबा छताकडे बघत राहिले. त्यांना असं ओशाळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "घरी जायचं नव्हतं गं," म्हणाले. "पडलो तेव्हाच कळलं, आत काहीतरी फुटलंय. जन्म गेला फुटक्या पाइपांत, मला कळणार नाही? पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, याला काय कळतंय. तू मोजून सांगितलंस की ते खरंच असतं. तुझ्या तोंडून ऐकायची भीती वाटली मला."

वहिनी स्टूल ओढून खाली बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"लिफ्टमध्ये तुमचा दाब चोपन्न होता," ती म्हणाली. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटला खोटा आकडा सांगितला."

"आकडा कुठे सांगितलास?" बाबा म्हणाले. "छान म्हणालीस. वीस वर्षांत तू मला कधी छान म्हणाली नाहीस, नुसते आकडे सांगतेस. तेव्हाच मी समजलो, आपलं आटोपलं." मग जरा दम खाऊन म्हणाले, "पण बरं वाटलं गं ऐकून."

वहिनीनं त्यांच्या हातावर डोकं टेकलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली, वॉर्डातले सगळे बघत असताना. मी पडदा ओढला आणि दादाला फोन करायला बाहेर गेले.